बोललेली तलंग

मोहदरीत धुरपता मसरामएवढा कापूस कोणी वेचत नसे. बाकीच्या बायकांची पात, म्हणजे वेचायची ओळ, अर्ध्यावर येते न येते तोच ही दुसरी पात धरून परत येताना दिसायची. तिची सासू रामबाई हे गावभर सांगत फिरे. माही सून बसतच नाई, म्हणे. खरंच होतं ते. धुरपता बसत नसे, कारण तिला बसता येत नव्हतं. गळ्यातली एक ग्रंथी गरजेच्या दुप्पट-तिप्पट काम करत होती आणि तिला आतून हाकत होती. गावानं त्याला कामसूपणा म्हटलं. तो आजार होता, आणि त्याच्यावर औषधही होतं. ते तिला पुरतं घेता आलं नाही, त्याची ही हकिकत.

१९५६ साली मी आर्वी तालुक्यातल्या एका विकास खंडात समाजशिक्षण संघटिका होते. वय चोवीस, नागपूरची बी.ए., सायकल सरकारी. हुद्दा इतका लांबलचक की लोकांनी तो पहिल्याच दिवशी टाकून दिला आणि नुसतं 'बाई' धरलं. मोहदरी म्हणजे डोंगराच्या बुडाशी तीस-पस्तीस घरांची गोंडवस्ती, खंडाच्या कचेरीपासून पाच मैल. आपसात गोंडी बोलायचे, माझ्याशी वऱ्हाडी.

धुरपताला मी पहिल्यांदा पाहिलं ते माघात. सगळी माणसं शेकोटीला चिकटलेली, आणि ही तिशी-बत्तिशीची बाई लांब उघड्यावर, घामानं लुगडं पाठीला चिकटलेलं. अंगावर मांस नव्हतं. तिनं माझ्यापुढे पाण्याचा गडवा धरला तर माझ्या हातात येईतो निम्मं पाणी सांडलं, इतका तिचा हात कापत होता. गळ्याला समोरून गुळगुळीत सूज. डोळे असे बाहेर आलेले की पापण्या पुरत्या मिटेनात. गावातली पोरं तिला घुबड म्हणत. रामबाई त्यांना हटकत नसे, हसत असे. धुरपताही हसायची.

'झोपच येत नाई तं घुबडच म्हना ना,' ती मला म्हणाली.

सासूचं पालुपद असं की चार-चार भाकरी खाते आणि जातात कुठं कोणाला ठाऊक. मी धुरपताला बाजूला घेऊन विचारलं, होतं काय नेमकं. छातीत कोणी तरी धान कांडून राह्यलं, ती म्हणाली, दिवस नाही, रात्र नाही. मग म्हणाली, 'मले एक डाव झोपाचं हाये, बाई. पोटभर.'

मी तिला बसनं वर्ध्याला दवाखान्यात नेलं. नवरा जंगू सोबत आला. चांगला माणूस, पण आईसमोर त्याच्या तोंडून ना हो निघे ना नाही. डॉक्टरांनी धुरपताला बोटं पसरायला लावून त्यांवर एक कोरा कागद ठेवला. खिडक्या बंद होत्या, तरी कागद फडफडत राहिला. नाडी पाहिली, गळा चाचपला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग मला म्हणाले की ग्रंथी कापून काढता येते, पण हिचं हृदय आज ते सोसणार नाही. गोळ्या द्यायच्या. दिवसातून तीनदा, अठरा महिने, एक दिवस न चुकता. दर महिन्याला येऊन दाखवायचं, कारण मात्रा हळूहळू कमी करावी लागते. घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी गोळ्या थांबवून इथं यायचं. आणि बरं वाटलं म्हणून किंवा कंटाळा आला म्हणून मधेच सोडल्या तर आजार दुप्पट जोरानं परततो, तेव्हा माणूस हाती लागत नाही.

हे सगळं त्यांनी मला वऱ्हाडीत सांगायला लावलं आणि धुरपताकडून परत वदवून घेतलं. तिनं हिशेब आपल्या पद्धतीनं लावला. 'दोन पोळे होऊस्तोवर,' ती म्हणाली. डॉक्टरांना पोळा कधी येतो ते ठाऊक नव्हतं. मी मोजून मान डोलावली.

फाल्गुनात गोळ्या सुरू झाल्या. वैशाखात मी गेले तर तिनं मला ओसरीवर बसवलं, सुई-दोरा आणला आणि माझ्यासमोर एका खेपेत दोरा ओवून दाखवला. शाळेत बक्षीस मिळवलेल्या मुलीसारखा चेहरा. गळ्याची सूज उतरली होती, डोळे बरेच आत गेले होते, गालावर मांस आलं होतं. आणि झोप. दुपारचीही लागते, म्हणाली, आणि हे सांगताना तिनं घरात सासू आहे का ते मागे वळून पाहून घेतलं.

मग पाऊस लागला. मोहदरीच्या अलीकडे नाला आहे. आषाढ-श्रावणात त्या नाल्यानं आम्हाला दवाखान्याची वाट दिली नाही. दोन महिने मी वर्ध्याहून गोळ्या मागवल्या. डॉक्टर कुरकुरले, पण त्यांनी पाठवल्या, मात्रा जुनीच. मला वाटलं, औषध चुकलं नाही म्हणजे झालं. ते चुकीचं होतं. मात्रा उतरवायची वेळ आली होती आणि उतरवली गेली नाही, त्यामुळे धुरपता दुसऱ्या टोकाला गेली. तोंड सुजल्यासारखं, आवाज जाड, उठायला वेळ, बोलायला वेळ. ग्रंथी आता फारच थंड पडली होती. निंदणाला गेली की तिची पात सगळ्यांच्या मागे.

रामबाईनं ते पंधरा दिवस पाहिलं आणि मग तोंड सोडलं. 'सून नेलती दवाखान्यात, आनली म्हैस,' ती पाणवठ्यावर म्हणायची, धुरपता दोन पावलांवर उभी असताना. गाव हसे. पूर्वी घुबडाला हसत होतं, आता म्हशीला. मी मोहदरीला जाऊन समजावलं की मात्रा थोडी जास्त होते आहे, पोळा झाला की मी तिला डॉक्टरांकडे नेते, ते कमी करून देतील. रामबाईनं त्यातलं एवढंच उचललं की खुद्द बाईच म्हणते गोळ्यांनीच सुस्त झाली. पोळ्यापर्यंत थांबायची मला काही गरज नव्हती. श्रावण सरता सरता नाला उतरला होता. कचेरीत तपासणी होती आणि मला नोंदी पुऱ्या करायच्या होत्या.

रामबाईचं म्हणणं सरळ होतं. गोळ्या बंद करायच्या. शेवटी वस्तीचा भुमका कवडू, म्हणजे देवाचं करणारा माणूस, त्यानं तोड काढली: देवाला विचारावं.

विचारायची रीत अशी. माघात धुरपताचं दुखणं वाढलं तेव्हा मसरामांनी बडादेवाला कोंबडीचं एक पिलू नवसाला बोललं होतं. त्या लाल पिलाची आता तलंग झाली होती, अंड्यावर यायची राहिलेली. बोललेला जीव बदलता येत नाही, विकता येत नाही, आणि ज्या दुखण्यापायी तो बोलला त्या दुखण्याचं काही विचारायचं असेल तर त्याच्याच चोचीनं विचारावं लागतं. ऐनाच्या झाडाखाली देवासमोर चिमूटभर तांदूळ ठेवायचे, तलंग सोडायची, भुमक्यानं तीनदा प्रश्न करायचा. दाणा टिपला तर गोळ्यांना देवाचा होकार. नाही टिपला तर नकार. पोळ्यानंतरचा सोमवार ठरला.

मला वाटलं होतं धुरपता रडेल. ती खुशीत होती. मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली की ही तलंग म्हणजे महाखादाड, खडेसुद्धा टिपते, आणि एकदा का देवानं हो म्हटलं की सासूचं तोंड बंद. कवडूनं रीत सांगितली तेव्हा सगळ्यांआधी हो तीच म्हणाली होती.

आता माझी करणी सांगते. सुधारित कोंबड्यांची योजना त्याच वर्षी आली. पांढरे लेगहॉर्न कोंबडे गावोगाव वाटायचे, म्हणजे देशी कोंबड्यांची अवलाद सुधारते. मोहदरीला मी सात दिले, त्यातला एक मसरामांकडे. टोपलीत बांधून, सायकलच्या मागे, मी स्वतः नेले. त्यातले दोन रस्त्यातच शिंकत होते. मी म्हटलं, वारा लागला असेल. आठव्या दिवशी वस्तीतल्या निम्म्या कोंबड्यांच्या नाकातून पाणी, मग पू, तोंडं सुजून डोळे बंद, आणि डालं उचललं की असा घाण वास की माणसानं मागे सरावं. कोरायझा म्हणतात त्याला, जंतूंची सर्दी. मरतात थोड्या, पण खाणं टाकतात सगळ्याच.

सोमवारच्या चार दिवस आधी धुरपता पाच मैल चालत कचेरीत आली. पदराखाली तलंग. एका बाजूचं तोंड लिंबाएवढं सुजलेलं, तो डोळा बंद, दुसरा चिकटलेला. श्वास घेताना खरखर वाजत होतं.

'बाई, गोळी द्या,' ती म्हणाली.

मी म्हटलं, तुझ्या गोळ्या तर आठच दिवसांपूर्वी दिल्या, महिनाभराच्या.

'मले नाई. इले.'

माझ्या कपाटात सल्फाच्या गोळ्यांचा डबा होता. सरकारी कोंबड्यांसाठी आलेला, पण त्याचा मी बाऊ केला नसता. एका देशी तलंगीला चार गोळ्या दिल्या असत्या तर कोणी विचारलं नसतं. मी विचारलं, एवढी घाई का. तिनं सांगितलं. हिला दाणा दिसत नाही, वास येत नाही, सोमवारपर्यंत हिचा एक तरी डोळा उघडला पाहिजे.

मला संताप आला. मी म्हणाले, माणसाचं औषध कोंबडी ठरवणार आणि त्या कोंबडीला औषध मी द्यायचं, असल्या खुळचटपणात मी भाग घेणार नाही. तू शहाणी बाई आहेस, डॉक्टरांनी तुला समोर बसवून सांगितलंय, घरी जाऊन ठणकावून सांग की मी गोळ्या घेणार. आधी ते विचारणं रद्द कर, मग आण कोंबडी, मी देते औषध.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, 'तुमच्या घरी सासू हाये का, बाई?'

मी म्हटलं, नाही. माझं लग्न झालं नव्हतं.

'मंग,' ती म्हणाली.

आणखी एकदा तिनं कपाटाकडे पाहिलं, तलंग पदराखाली घेतली आणि निघाली. तिची चाल तेव्हा जड झालेली होती. पाच मैलांना तिला किती वेळ लागला असेल ते मी आता मोजते. तेव्हा मी समाधानानं नोंदी लिहायला बसले.

पुढचं मला जंगूनं नंतर सांगितलं. घरी जाता जाता तिनं विचार केला. डॉक्टरच्या गोळीनं माझ्या गळ्याची सूज उतरली, बाहेर आलेले डोळे जागेवर बसले. तलंगीचीही सूजच आहे, डोळेच आहेत. मग तीच गोळी. मला त्या विचाराला हसू येत नाही. तिला जेवढं माहीत होतं तेवढ्यावरून तो बरोबर होता, आणि ज्या बाईला जास्त माहीत होतं तिनं तिला हाकलून लावलं होतं. तिनं गोळ्या पाट्यावर कुटल्या, कोंड्यात कालवल्या आणि चार दिवस, दिवसातून सहा-सहा वेळा, तलंगीची चोच उघडून आत कोंबल्या. गुण पडेना तशा जास्त. घाईघाईनं स्वतःच्या वाट्याच्याही. त्या गोळीचं जंतूंशी काही देणंघेणं नाही. तलंग आणखी सुस्त झाली, एवढंच.

सोमवारी मी गेले. विरोध करायला गेले होते. कवडूनं झाडाखाली शेण सारवून तांदूळ ठेवले. जंगूनं तलंग सोडली. ती जिथं सोडली तिथंच पिसं फुगवून उभी राहिली. कवडूनं गोंडीत विचारलं. तलंग हलली नाही. दुसऱ्यांदा विचारलं. तिनं मान तांदळाकडे वळवली, दोन पावलं टाकली. धुरपता बायकांत उभी होती, तिनं शेजारणीचा दंड धरलेला मला दिसला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तलंगीनं मान खाली घातली, चोच तांदळाला लावली, नाकातला शेंबूड त्या तांदळावर या बाजूनं, त्या बाजूनं पुसला आणि मान वर केली.

मग धुरपतानंच विचारलं, चोच लागली ना?

'लागली,' कवडू म्हणाला. 'टिपला नाई.'

मी पुढे झाले. म्हणाले की ही कोंबडी आजारी आहे, आंधळी झाली आहे, तिला तांदूळ काय नि खडे काय. कवडू शांत माणूस होता, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, 'बाई, बिमारीचंच इचारलं, बिमारानंच सांगतलं. याच्यापेक्षा खरं कोन सांगन?'

रामबाई घरात गेली आणि गोळ्यांचा डबा नाल्यात फेकायला म्हणून घेऊन आली. हलवला तर वाजेना. उघडला तर रिकामा. मग सगळं बाहेर आलं, धुरपतानं स्वतःच सांगितलं. रामबाई आधी नुसती पाहत राहिली, मग हसायला लागली, आणि मग सगळी वस्ती. देवाच्या कोंबडीला डॉक्टरची दवा चारली, म्हणे. म्हणूनच देव रागावला, हेही तिथंच ठरलं. तलंग झाडाखालीच कापली. धुरपता हसली नाही. तिनं सारवलेली जागा मोकळी झाल्यावर तांदूळ गोळा केले, कारण ते काम सुनेचं.

अठरा महिन्यांतले सहा झाले होते.

दसऱ्यापर्यंत तिला बरंच वाटत होतं. सुस्ती गेली, आवाज मोकळा झाला. लोक म्हणाले, पाहा. मग ग्रंथी थांबायच्या ठिकाणी थांबली नाही. कार्तिकात, जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच महिन्यात, मी वर्ध्याहून नव्या गोळ्या घेऊन थेट वावरात गेले. या खेपेला मला कोणाला समजवायचं नव्हतं, फक्त तिच्या हातात डबा द्यायचा होता. वेचणी जोरात होती. धुरपता सगळ्या बायकांच्या कितीतरी पुढे, दोन्ही हातांनी बोंडं ओरबाडत चाललेली. लुगड्याची ओटी कापसानं भरून लोंबत होती, गळा पुन्हा भरला होता, कानशिलांवरून घाम. डोळे पूर्वीपेक्षा बाहेर. आणि मी पाहिलं की रामबाई तिच्यासाठी बांधावरून पाण्याचा गडवा घेऊन येते आहे. स्वतः.

मी डबा पुढे केला. तिनं हात पुढे केला नाही, वेचतच राहिली. मला तिच्याबरोबर चालत बोलावं लागलं.

'गोळी खाल्ली तं झोप येते, बाई.'

मी म्हटलं, तुला झोपच पाहिजे होती ना.

'झोपून पाह्यलं. झोपल्या बाईले कोनी भाकर वाढत नाई.' तिनं सासूकडे मानेनं खूण केली. 'आता पाहा. पानी आनून राह्यली मायासाठी.'

मी तिला स्वच्छ सांगितलं की तू मरशील. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुझ्याच तोंडून म्हणवून घेतलं होतं ना, आठवतं का. आठवते, ती म्हणाली, दोन पोळे. एकच झाला. मग डबा घेऊन तिनं तो माझ्या पिशवीत परत टाकला, नीट तळाशी, आणि म्हणाली की ज्या घरी सासू नसेल अशा कोणा बिमाराला द्या. तोवर रामबाई पोचली. धुरपतानं पाणी घटाघटा पिऊन गडवा परत दिला आणि पुढची पात धरली.

पौषात तिला खोकला झाला, मग ताप. असल्या तापात साधं माणूस पडून राहतं. धुरपताला पडता येईना. दोन दिवस ती तापात वेचणीला गेली आणि पुढेच राहिली. तिसऱ्या दिवशी उभं राहवेना तेव्हा घरात निजवली. अंग असं तापलेलं की जंगू म्हणाला, हात ठेववत नव्हता. ती सारखी बोलत होती, गोंडीत, अर्धं लागे, अर्धं लागेना, आणि दोन्ही हातांनी हवेतून काहीतरी खुडून पोटाशी भरत होती. थांबतच नव्हती. जंगू घाबरला. रामबाई शेजारणींना बोलावून दाखवत होती, पाहा म्हणाली, तापातही वेचून राह्यली. त्या बाईला खरोखर कौतुक वाटत होतं. मला वाटतं तिनं आयुष्यात दुसऱ्या कशाचं एवढं कौतुक केलं नसेल.

जंगूनं त्या दिवशी पहिल्यांदा आईला न विचारता बैल जुंपले. गाडीत कडबा अंथरला, वर गोधडी, वर धुरपता, आणि आर्वीच्या दवाखान्याचा रस्ता धरला. रामबाई मागून चढून बसली. नाल्यापलीकडे दोन मैल गेल्यावर बोलणं थांबलं. जंगूला वाटलं, झोप लागली. त्यानं बैल सावकाश केले, तिला धक्का लागू नये म्हणून. बराच वेळ तो तसाच सावकाश चालवत राहिला. मागून आईनं हाक मारली तेव्हा त्यानं वळून पाहिलं.

उचलायला गेला तर ती जड लागली. लुगड्याची ओटी खोचलेली होती, तिच्यात बाजूच्या कडब्याचं पान न् पान खुडून ठासून भरलेलं. रामबाईनं ओटी सोडली, कडबा काढला आणि आधी बैलांपुढे टाकला, कारण परत तेवढंच अंतर जायचं होतं.